जुना आजार आणि फ्लूची लस: आधी काय विचारायचं, मग काय करायचं

दर जुलैत हे ठरलेलं. जवळच्या एखाद्या सोसायटीत कुणाला तरी स्वाइन फ्लू निघतो, पेपरात आकडा येतो आणि दुपारपर्यंत माझ्या मेडिकलच्या काउंटरवर तीन-चार जण उभे असतात. "फ्लूची लस आहे का? द्या एक." कुणासाठी, मी विचारतो. "आईसाठी. शुगर आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत." डॉक्टरांना विचारलंत? "लस नेतो, मग विचारतो."

गोंधळ इथूनच सुरू होतो. आधी खरेदी, मग चौकशी, मग "आता फ्रिजमध्ये आहे तर टोचूनच टाकू". लस घ्यायची की नाही याचं उत्तर बहुतेक जुन्या आजारांत "घ्या" असंच येतं. पण कधी, कोणती, कोणत्या गोळीच्या आगेमागे आणि कोणत्या हातात, ही उत्तरं घराघरांत वेगळी असतात. चुकतं ते तिथे. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिल्या दोनांना एक पैसा लागत नाही.

टप्पा १ : आपण जोखमीच्या गटात आहोत का, ते बघा

फ्लू झाला तर तो साध्या तापावर न थांबता न्यूमोनियापर्यंत, ऑक्सिजनपर्यंत जाण्याची शक्यता ज्यांच्यात जास्त असते, ते लोक असे:

- दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुना आजार), टीबी बरा झाला पण फुप्फुस कायमचं खराब राहिलं असे
- हृदयविकार: बायपास, स्टेंट, झडपेचा आजार, हार्ट फेल्युअर
- मधुमेह, गोळ्यांवर असो वा इन्सुलिनवर
- मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस. यकृताचा जुना आजार
- पक्षाघात होऊन गेलेले, पार्किन्सनसारखे मेंदूचे आजार असलेले. यांना खोकून कफ नीट काढता येत नाही, हे त्यामागचं कारण
- सिकलसेल (विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेला आजार), प्लीहा काढलेले
- कॅन्सर, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे

यात वय ६५ च्या पुढे असेल किंवा गरोदरपण असेल तर जोखीम आणखी वाढते. नुसती थायरॉइडची गोळी चालू असणं सहसा या यादीत धरत नाहीत. नुसत्या बीपीबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण आपल्याकडे ज्यांना बीपी असतो त्यांच्यातल्या अनेकांना शुगरही असते, आणि काहींनी ती बरेच दिवस तपासलेली नसते.

हृदयाच्या पेशंटना मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. "मला काय छातीचा आजार नाही, हार्टचा आहे, फ्लूशी काय संबंध?" असं बरेच जण विचारतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. फ्लू झाल्याचं तपासणीत पक्कं झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं. ताप, निर्जलीकरण, शरीरात वाढलेला दाह, धावणारं हृदय हे सगळं आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीवर एकदम येतं. संबंध आहे तो असा.

तपासा: यादीत एकही गोष्ट लागू नसेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, लस तरीही घेऊ शकता, पण एवढा खटाटोप लागणार नाही.

टप्पा २ : कागद एका जागी आणा

डॉक्टरांकडे जाऊन "ती पांढरी गोल गोळी, सकाळची" असं सांगणारे काका रोज भेटतात. त्यावर कुणी काय सल्ला देणार? एका कोऱ्या कागदावर हे लिहा:

१. चालू असलेली सगळी औषधं, पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅमसह. इनहेलर, इन्सुलिन, महिन्यातून एकदा घेतलं जाणारं इंजेक्शन, आयुर्वेदिक काढे, सगळं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी हमखास विसरली जाते आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. पुढे कळेल का.

२. शेवटचे रिपोर्ट: मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेत असाल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा).

३. पूर्वी कोणत्याही लशीने किंवा इंजेक्शनने त्रास झाला होता का? झाला असेल तर किती वेळात आणि काय. "रिअ‍ॅक्शन आली होती" एवढं पुरत नाही. दंड सुजला होता, की अंगावर गांधी उठून श्वास अडकला होता? पहिल्यासाठी लस थांबत नाही, दुसऱ्यासाठी थांबू शकते.

४. आधी घेतलेल्या लशी, तारखांसह.

या चौथ्या मुद्द्यावर दोन गोंधळ नेहमीचे. एक, न्यूमोनियाची लस घेतली म्हणजे फ्लूची झाली असं समजणं. ती न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूवरची, ही विषाणूवरची. जुन्या आजारात बहुतेकांना दोन्ही सुचवल्या जातात, आणि एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या दंडांत घेता येतात. दुसरा गोंधळ नावाचा. लहान मुलांच्या पेंटाव्हॅलंट लशीत "हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी" असा शब्द असतो, तो कार्डावर वाचून आईवडील म्हणतात, "याला इन्फ्लुएन्झाची दिलीय की." तो जिवाणू आहे. फ्लूशी त्याचं नावापलीकडे काही नातं नाही.

टप्पा ३ : योग्य डॉक्टरला, योग्य प्रश्न

साध्या मधुमेहासाठी, दम्यासाठी फॅमिली डॉक्टर पुरे. पण केमो चालू आहे, प्रत्यारोपण झालंय, डायलिसिस आहे किंवा संधिवाताची बायोलॉजिक औषधं (प्रतिकारशक्तीच्या ठरावीक भागाला दाबणारी) आहेत, तर जो डॉक्टर ते औषध लिहितो त्यालाच विचारा. फॅमिली डॉक्टर "हरकत नाही" म्हणाले आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी नंतर कपाळाला हात लावला, असं होऊ देऊ नका.

ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. "लस घेऊ का?" असं विचारलंत तर "घ्या" असं उत्तर मिळेल आणि पाच मिनिटं संपतील. त्याऐवजी हे विचारा:

- माझ्या आजारात आणि या औषधांवर टोचायची, मृत विषाणूची लस चालेल ना?
- कोणतं औषध पुढे-मागे करायचं का? किती दिवस?
- कोणत्या महिन्यात, कोणत्या आठवड्यात घेऊ?
- कोणत्या हातात?
- न्यूमोनियाची लस बाकी आहे का?
- लस घेऊनही ताप आला तर तुम्हाला किती वेळात कळवायचं, आणि कुठल्या नंबरवर?

शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही. सगळ्यात जास्त उपयोगाचा तोच ठरतो.

सावधान: "मृत विषाणूची" हे शब्द आठवणीने वापरा. नाकात फवारायची जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लसही असते. सुई नको म्हणून लोकांना ती आवडते. दमा, मधुमेह, हृदयविकार, दबलेली प्रतिकारशक्ती, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर ती तुमच्यासाठी नाही.

टप्पा ४ : तुमच्या औषधाप्रमाणे काय बदलतं

या टप्प्यावर थोडा वेळ काढा. स्वतःचं औषध शोधा, बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.* अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, नवीन पिढीच्या अ‍ॅपिक्साबॅनसारख्या गोळ्या. यांतली एकही लशीसाठी बंद करायची नसते. हे मी ठळक सांगतोय, कारण दात काढताना दोन दिवस गोळी थांबवल्याचं लोकांच्या डोक्यात असतं आणि ते इथेही तेच करतात. स्टेंट बसवलेल्या माणसाने मनाने क्लोपिडोग्रेल थांबवणं हे फ्लूपेक्षा धोकादायक. फक्त टोचणाऱ्याला आधी सांगा. बारीक सुई वापरायची, सुई काढल्यावर किमान २ मिनिटं कापूस घट्ट दाबून धरायचा आणि चोळायचं नाही. वॉर्फरिनवर असाल तर आयएनआर अलीकडचा आणि आटोक्यात असावा.

*मेथोट्रेक्सेट.* आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी हीच. संधिवात, सोरायसिसमध्ये देतात. ती चालू असताना लशीला शरीराचा प्रतिसाद कमी पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०२२ ची शिफारस अशी आहे की आजार आटोक्यात असेल तर फ्लूची लस घेतल्यावर २ आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं, म्हणजे दोन डोस गाळायचे. हे लस घेतल्या*नंतर*, आधी नाही. आणि तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने हो म्हटलं तरच; सांधे आधीच ठणकत असतील तर ते कदाचित "थांबवू नका, तशीच लस घ्या" म्हणतील. मग तशीच घ्या. थोडा कमी प्रतिसाद हा काहीच नसण्यापेक्षा बरा.

*प्रेडनिसोलोन, वायसोलोनसारखी स्टेरॉइड.* बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. लशीसाठी ते थांबवायचं नाही. इनहेलरमधलं स्टेरॉइड तर या प्रश्नात येतच नाही, इतकं ते कमी असतं.

*रिटुक्सिमॅब.* संधिवातासारख्या आजारांत प्रतिकारशक्ती दाबायला हे इंजेक्शन सहा-सहा महिन्यांनी घेतात. बाकी लशींचं वेळापत्रक याच्याभोवती जुळवतात, पण फ्लूच्या लशीसाठी सहसा थांबत नाहीत, कारण फ्लूचा हंगाम थांबत नसतो. तारीख मात्र डॉक्टरांशीच ठरवा.

*केमोथेरपी.* शक्य असेल तर केमो सुरू होण्याच्या किमान २ आठवडे आधी. सुरू झाली असेल तर दोन चक्रांच्या मधला दिवस ऑन्कॉलॉजिस्ट सांगतील. आणि इथे घरातल्या बाकीच्यांनी लस घेणं हे पेशंटने घेण्याइतकंच मोलाचं, कारण घरात फ्लू आणतो तो शाळेत जाणारा नातू.

*डायलिसिस.* फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी) ज्या हातात आहे त्या हातात टोचायचं नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही टाळतात.

*मधुमेहाची औषधं.* काहीच बदलायचं नाही. लशीनंतर एक-दोन दिवस साखर थोडी वर जाऊ शकते, एवढंच. शुगर जास्त आहे म्हणून लस पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात. ज्यांची शुगर आटोक्यात नाही त्यांनाच फ्लू जास्त छळतो, मग ढकलायची कशासाठी?

तपासा: कागदावर आता तीन गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात: कोणतं औषध तसंच चालू, कोणतं किती दिवस थांबवायचं (बहुतेकांसाठी "एकही नाही"), आणि कोणता हात. हे डॉक्टरांच्या अक्षरात असेल तर उत्तम.

टप्पा ५ : "नको" म्हणायची खरी आणि खोटी कारणं

खरी कारणं मोजकीच. याच लशीने किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकाने पूर्वी जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली असेल तर ती घ्यायची नाही. पूर्वी फ्लूची लस घेतल्यापासून ६ आठवड्यांच्या आत गिलियन-बारे झाला असेल, म्हणजे पायांतून वर चढत जाणारा लकवा, तर डॉक्टरांशी नीट बसून बोलायचं. आज अंगात जोराचा ताप आहे, दम्याचा झटका चालू आहे, तर सावरेपर्यंत थांबायचं. नुसतं नाक वाहतंय म्हणून थांबायची गरज नाही.

आता अंड्याचं. बहुतेक फ्लू लशींचे विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. अंडं खाल्ल्यावर अंगाला खाज येते एवढीच अ‍ॅलर्जी असेल तर आता लस अडत नाही. पूर्वी अंड्याने श्वास अडकला असेल तर टोचणाऱ्याला सांगा आणि आणीबाणीची सोय असलेल्या ठिकाणीच घ्या. पण आमच्या दुकानात हा प्रश्न अ‍ॅलर्जीपेक्षा वेगळ्याच कारणाने येतो. "आम्ही अंडं खात नाही, चालेल का?" यावर खोटं बोलून लस खपवू नये असं माझं मत. अंड्यात वाढवतात, हे सांगायचं. पुढचं ज्याचं त्याने ठरवायचं. माझ्या अनुभवात खरं कळल्यावर बहुतेक जण घेतात. नंतर कुठून तरी कळलं तर मात्र पुन्हा कुठलीच लस घेत नाहीत.

खोटं कारण एक नंबरचं: "लसीने फ्लू होतो." टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे होऊ शकत नाही. पण संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. ऐन जुलैत लस घेऊन पाचव्या दिवशी ज्याला फ्लू झाला, त्याला तो लस घेण्याआधी किंवा लगेच नंतर लागलेला असतो. हा माणूस मग गल्लीभर सांगत फिरतो.

दुसरं: "घेतली तरी होतोच ना?" होतो, हे खरं आहे. लशीतले आणि बाहेर फिरणारे विषाणू जुळतात त्या वर्षी, डॉक्टरांकडे जावं लागेल असा फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के कुणीच म्हणत नाही. जुन्या आजारात हिशेब वेगळा मांडा: फ्लू झालाच तर आयसीयूत जाण्याची शक्यता कमी करायची आहे. काही हृदयरोगतज्ज्ञ हार्ट अटॅकनंतर हॉस्पिटलमध्येच ही लस देतात, ते याच हिशेबाने. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा पेशंटमध्ये वर्षभरात मृत्यू आणि पुन्हा अटॅक येण्याचं एकत्रित प्रमाण कमी आढळलं होतं.

टप्पा ६ : तारीख

पुण्या-मुंबईकडे फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते, जुलै ते सप्टेंबर. कधी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, लहान. म्हणून आपल्यासाठी लस घ्यायचा काळ एप्रिल-मे, उशिरात उशिरा जूनचा पहिला आठवडा. वटपौर्णिमा ही माझी गिऱ्हाइकांसाठीची खूण. वडाला फेरे मारून झाले आणि लस राहिली असेल तर उशीर झाला.

उशीर झाला तरी घ्या. ऑगस्टमध्ये घेतली तरी सप्टेंबर सांभाळला जातो. पण दोन आठवड्यांचा तो मधला काळ गर्दीपासून जपून काढा.

अमेरिकेत मुलाकडे हिवाळा काढायला जाणाऱ्यांसाठी एक टीप. तिकडे लस सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळते आणि हंगाम थंडीचा असतो. इथे मेमध्ये घेतलेल्या लशीचा जोर तोवर ओसरत आलेला असतो. तिथल्या फार्मसीत इथल्या लशीची तारीख दाखवून विचारा. दोन डोसांत महिन्याभराचं तरी अंतर हवं, ते तुमच्याकडे असतंच.

आणि दरवर्षी. गेल्या वर्षी घेतली होती हे या वर्षीचं उत्तर नाही. विषाणू बदलतात, आणि अंगातलं संरक्षणही काही महिन्यांत विरत जातं.

टप्पा ७ : लस मिळवणं आणि दवाखान्यापर्यंत नेणं

आधी सरकारी दवाखान्यात विचारा. महाराष्ट्रात गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-बीपीच्या पेशंटना ही लस सरकारी केंद्रांतून मोफत दिली गेली आहे. साठा सगळीकडे आणि सगळ्या वेळी नसतो, म्हणून हेलपाटा घालण्याआधी फोन करा. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही नाही, त्यामुळे "अंगणवाडीत मिळेल" असं धरून चालू नका.

खासगीत घ्यायची असेल तर शक्यतो ज्या दवाखान्यात टोचणार त्यांच्याच फ्रिजमधली घ्या. का, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थाने दुकानातून लस नेली. मी आइसपॅक कागदात गुंडाळून दिला होता, "लशीला थेट बर्फ लागू देऊ नका" हेही सांगितलं. गृहस्थ काळजीवाहू. घरी जाऊन त्यांनी ती फ्रीझरमध्ये ठेवली, बर्फाच्या ट्रेला चिकटून, "जास्त गार राहील" म्हणून. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने खोका उघडला तर सिरिंजमध्ये बर्फाची कांडी. लस फेकावी लागली. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते, आणि एकदा गोठली की वितळून परत चांगली होत नाही. उन्हात डिकीत तासभर राहिली तरी भरवसा नाही, पण गोठवून वाया घालवणारे मला जास्त भेटलेत.

खोक्यावर तीन गोष्टी वाचा:

- *हंगाम.* जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपल्या पावसाळ्यासाठी सहसा ताजी दक्षिण गोलार्धाची लस सुचवतात. मेमध्ये दुकानात जुन्या उत्तर गोलार्धाचा शिल्लक माल असू शकतो, त्याची मुदत बहुधा लवकरच संपत आलेली असते. विचारायला लाजू नका. चांगला केमिस्ट चिडत नाही.
- *मुदत,* महिन्यासकट.
- *ट्राय की क्वाड्री.* म्हणजे लशीत तीन विषाणू की चार. यावर फार डोकेफोड नको. चौथा विषाणू बी-यामागाटा मार्च २०२० नंतर जगात कुठे फिरताना खात्रीने सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तो वगळायला सांगितलं. तीन विषाणूंची लस म्हणजे निकृष्ट लस असं आता राहिलेलं नाही.

टप्पा ८ : टोचताना

आधी पोटभर खा, विशेषतः इन्सुलिन घेत असाल तर. सैल बाह्यांचा शर्ट, ब्लाउजऐवजी गाऊन किंवा कुर्ता. इंजेक्शन दंडाच्या वरच्या जाड स्नायूत, डेल्टॉइडमध्ये घ्यायचं. बऱ्याच आजींना "कमरेवर दे गं" म्हणायची सवय असते. मोठ्यांसाठी ही लस दंडातच.

कागद सिस्टरच्या हातात द्या आणि तोंडानेही सांगा: रक्त पातळ करायची गोळी, फिस्टुलाचा हात, जुनी अ‍ॅलर्जी. नंतर १५ मिनिटं तिथेच बसा. गंभीर अ‍ॅलर्जी क्वचितच येते, पण आली तर बहुधा याच वेळात येते आणि तिचं औषध दवाखान्यात असतं, रिक्षात नसतं.

तपासा: खोक्यावरचा स्टिकर किंवा बॅच नंबर फाइलला लावला का?

टप्पा ९ : पुढचे तीन दिवस

दंड दुखणं, थोडी कणकण, अंग मोडून येणं हे एक-दोन दिवस. गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही त्रास झाल्यावर. आधीच खाऊन जाऊ नका.

सावधान: मूत्रपिंडाचा आजार, हार्ट फेल्युअर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक घेऊ नका. घरात पडलेल्या "अंगदुखीच्या गोळी"त बहुधा यांपैकी एक असतं. पाकीट उलटं करून वाचा.

मधुमेह असेल तर तीन दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा. ताप दोन दिवसांपुढे गेला किंवा खोकला, धाप सुरू झाली तर "लशीचं आहे" म्हणून घरी बसू नका. ते लशीचं नसतं.

टप्पा १० : लस घेऊनही ताप आला तर

तयारी आधी, तब्येत चांगली असतानाच करायची. ऑक्सिमीटर घरात असेल तर नेहमीची पातळी फाइलवर लिहून ठेवा. सीओपीडीच्या पेशंटची ९० ही नेहमीची असू शकते. ते आधी माहीत नसेल तर तापात तो आकडा बघून घरचे घाबरतात किंवा, उलट, आकडा आणखी घसरला तरी लक्षात येत नाही.

फ्लूवरचं औषध, ओसेल्टामिव्हिर, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सर्वांत जास्त काम करतं. आपल्याकडे सरकारी वर्गवारीत साधा सर्दी-ताप "अ" गटात, जुना आजार असलेल्याचा तसाच ताप "ब" गटात आणि धाप, छातीत दुखणं, गुंगी, बीपी घसरणं, कफातून रक्त, निळी पडलेली नखं हे "क" गटात येतं. "ब" गटात स्वॅबची वाट न बघता डॉक्टर औषध सुरू करू शकतात. शेजाऱ्याला पॅरासिटामॉलवर बरं वाटलं म्हणून तुम्ही तीन दिवस थांबायचं नाही. शेजारी "अ" गटात आहे, तुम्ही नाही. "क" मधलं काहीही दिसलं तर फोनही करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ओसेल्टामिव्हिरचा डोस कमी करावा लागतो, क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

तापात आणखी चार चुका होतात, काउंटरवरून दिसणाऱ्या:

जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं. तापात साखर उलट वाढते. डोस बदलायचा तर विचारून.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या उलट्या होत असताना आणि पोटात काही नसताना चालूच ठेवणं. रक्तात आम्ल साठू शकतं. अशा दिवसांत त्या थांबवायच्या का, हे टप्पा ३ मध्येच विचारून ठेवलं असेल तर बरं.

"भरपूर पाणी प्या" हे सगळ्यांना लागू करणं. हार्ट फेल्युअर आणि डायलिसिसच्या पेशंटना पाण्याची मर्यादा असते, तापातही.

सर्दीची तयार गोळी घेणं. तिच्यात बहुधा फेनिलेफ्रिन असतं, त्याने बीपी वाढू शकतो. आणि गेल्या वेळची उरलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन फ्लूच्या विषाणूला काहीच करत नाही, ती मागायला येऊ नका.

हे सगळं जमलं की फाइलच्या पहिल्या पानावर लशीची तारीख, हात आणि बॅच नंबर लिहा. खाली पुढच्या वर्षीचा एप्रिल.